विभागातलं तरुण रक्त

१ जानेवारी
यंदा पर्मनंट व्हायचंच. हा संकल्प दर वर्षीचाच, पण या वेळी त्याच्यामागे अभ्यास आहे. आमच्या इतिहास विभागातले सातही प्राध्यापक यंदा साठीचे होतात आणि जूनअखेर एकदमच घरी जातात. जागा सात, आणि तासिका तत्त्वावर शिकवणारा अनुभवी उमेदवार एकच. मी. वय त्रेपन्न. दिसायला पंचेचाळीस (केसांना रंग लावलेला असताना).
संकल्प दुसरा : रोज सकाळी चालायला जाणे. थंडी कमी झाली की सुरुवात.

८ जानेवारी, सोमवार
विभागातलं भिंतीवरचं घड्याळ आठवड्याभरात मागे पडतं. दर सोमवारी सर्वांत धाकट्याने स्टुलावर चढून ते बरोबर लावायचं, ही इथली जुनी रीत. गेली पंचवीस वर्षं मीच धाकटा. आज चढताना गुडघा असा वाजला की सातहीजणांनी माना वर केल्या. विभागप्रमुख म्हणाले, बाळ, जपून. मला इथे सगळे बाळच म्हणतात. पूर्वी राग यायचा. आता मी ते वैद्यकीय मत समजतो.

२२ जानेवारी
बायकोला सगळा प्लॅन समजावून सांगितला. ती पोस्टात आहे, पुढच्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेणार. म्हटलं, तू घरी बसशील तेव्हा मी नुकताच नोकरीला लागलेला असेन, घरात एक तरी पर्मनंट माणूस कायम राहील. तिने विचारलं, अहो, ते सातजण गेले आणि सरकारने जागाच भरल्या नाहीत तर? हिला इतिहासाची जाण नाही.

२३ जानेवारी
जागाच भरल्या नाहीत तर?

१२ फेब्रुवारी
गप्प बसून चालणार नाही. शोधनिबंध लिहायला घेतला : ‘शासनाचे भरती धोरण आणि प्राध्यापकांचे वय : एक ऐतिहासिक अभ्यास’. वाचून सरकारचे डोळे उघडले पाहिजेत.
विषय मोठा रसाळ आहे. एका सरकारने गावोगाव कॉलेजं काढली, पण शिकवायला माणसं कुठे होती? एमए झालेला कोणी दिसला की धरून वर्गात उभा करायचे. आमचे प्रमुख तेव्हा चोवीस वर्षांचे. पहिल्याच दिवशी शिपायाने त्यांना दटावून मागच्या बाकावर बसवलं होतं. आमच्या सप्तर्षींची भरती त्याच एका उन्हाळ्यातली. पुढच्या सरकारने तिजोरीत डोकावून पाहिलं आणि भरती बंद केली. पुन्हा उघडली तेव्हा मी वयोमर्यादा एका वर्षाने ओलांडलेली. मर्यादा वाढवली तेव्हा भरती बंद. दोन वर्षांपूर्वी वयाची अटच काढून टाकली. आता माझ्या वाटेत काही म्हणजे काही नाही. फक्त जागा नाहीत.

१९ फेब्रुवारी
मोठा शोध! भरतीबंदीच्या काळात आमच्या विभागाचं सरासरी वय दर वर्षी बरोब्बर एका वर्षाने वाढलेलं आहे. आलेख काढला तर रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. प्रमुखांना दाखवला. ते म्हणाले, आमच्या घरीही असंच चाललंय. विद्वानांना मत्सर आवरत नाही.

१८ मार्च
निबंध पूर्ण. मंत्र्यांच्या कार्यालयाकडे पाठवला. शेवटी ठणकावून लिहिलंय की प्राध्यापक आपणहून म्हातारे होत नाहीत, सरकार त्यांना म्हातारं करतं. सरासरी वय चिंताजनक आहे. सबब विभागात तातडीने तरुण रक्त आणावे. तरुण रक्त म्हणजे कोण, हे सुज्ञांस सांगणे न लगे.
बायकोने वाचला. म्हणाली, तिथे तुमचं नाव आणि वय स्पष्ट लिहा, उगाच घोळ नको. म्हटलं, संशोधनात स्वतःचा ढोल वाजवत नाहीत.

१५ एप्रिल
खिडकीजवळची खुर्ची माझी, असं मनात ठरवलं. तूर्त तिच्यात सप्तर्षींपैकी एकजण झोपतात. आज ते जागे होण्याची वाट पाहत उभा होतो. जागे झाले, मला पाहून दचकले, पुन्हा झोपले.
गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्टुलावर चढायची सक्त मनाई केली. म्हटलं, जूनपर्यंतच.
चालायला जाणार होतो, पण ऊन फार आहे.

१० जून
मंत्र्यांच्या कार्यालयातून फोन! निबंध साहेबांना अतिशय आवडला. ते म्हणाले म्हणे, असं डोळ्यांत अंजन घालणारं कोणी लिहिलंच नव्हतं. नवीन आदेश निघतोय. बायकोला हॉटेलात जेवायला नेलं. ती निम्मं जेवण होईपर्यंत विचारत होती की आदेशात नेमकं आहे काय. म्हटलं, बातमीचं तोंड गोड असलं की पोटात शिरू नये.
निरोप समारंभाचं भाषण लिहून ठेवलं. ‘जड अंतःकरणाने’ म्हणताना दर वेळी हसू फुटतं. सराव करावा लागेल.

२८ जून
आदेश आला. हेडक्लार्कने विभागात उभं राहून वाचला. सुरुवातीलाच माझ्या निबंधाचा उल्लेख. मान ताठ झाली.
पुढे असं : प्राध्यापकांचं सरासरी वय चिंताजनक असल्याचं एका अभ्यासाने दाखवून दिलं आहे. सबब यापुढे नवीन उमेदवार तिशीच्या आतलाच घ्यावा. आमच्या विभागाला विशेष बाब म्हणून एक जादा जागा, तरुण रक्तासाठी. आणि त्या रक्ताला मार्गदर्शन हवं म्हणून जुन्यांचं निवृत्तीचं वय पासष्ट.
सातहीजणांनी टाळ्या वाजवल्या. प्रमुखांनी मला मिठी मारली. बाळ, तुझ्यामुळे पाच वर्षं मिळाली, म्हणाले. मग मलाच चहा सांगायला पाठवलं.
घरी येऊन भाषण फाडलं. फार वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू? बायको काहीच बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं.

५ ऑगस्ट
वयात सवलत मिळावी म्हणून अर्ज. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे, असं लिहिलं. हेडक्लार्क समजुतीच्या सुरात म्हणाला, सर, तुमची ऑर्डर दर उन्हाळ्यात संपते आणि सुट्टीनंतर नवी निघते, त्यामुळे हा पंचवीस वर्षांचा अनुभव नाही, एकाच वर्षाचा पंचवीस वेळा घेतलेला आहे. अर्ज परत.
पण जे होतं ते बऱ्यासाठी. तिशीच्या आतलं कोणी येणार म्हणजे मी धाकटा राहणार नाही. स्टूल सुटलं! डॉक्टरांना फोन करून कळवलं. त्यांना संदर्भ लागला नाही.

२ सप्टेंबर, सोमवार, सकाळी
नवीन प्राध्यापिका आज रुजू होतेय. वय सत्तावीस. मी विभागात लागलो तेव्हा ही दुडुदुडु धावत असेल. स्टूल फडक्याने पुसून ठेवलं आहे. चढताना पाय कुठे ठेवायचा, हेही मोठ्या मनाने दाखवणार.

२ सप्टेंबर, संध्याकाळी
मुलगी गुणी आहे. रीत सांगताच पदर खोचून, म्हणजे ओढणी बांधून, स्टुलाकडे निघाली. तेवढ्यात प्रमुखांनी हात वर केला. म्हणाले, रीत म्हणजे रीत. धाकटं कोण ते आधी ठरू दे. हेडक्लार्कला सेवाज्येष्ठतेची यादी आणायला सांगितली. विभागात लहानमोठं ठरतं ते जन्मतारखेवरून नाही, नेमणुकीच्या तारखेवरून, हे म्हणे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.
यादीत सर्वांत शेवटी ती. सेवा : एक दिवस. माझं नाव शोधलं. नाहीच. प्रमुखांनी चष्मा पुसला आणि निकाल दिला की ज्याची नेमणूकच झालेली नाही, तो हिच्याहूनही धाकटा. सप्तर्षींनी माना डोलावल्या. खिडकीतले तर त्यासाठी जागे झाले.
चढलो. तिने खालून स्टूल घट्ट धरलं आणि म्हणाली, सांभाळून हं काका. घड्याळ पुढे केलं. उतरायला मात्र दोघांचा आधार लागला.
घरी बायकोने गुडघ्याला तेल चोळून दिलं. या वेळी बोलली. म्हणाली, अहो, आता पुरे करा. तिच्या आवाजात काळजी होती, म्हणून तिला हिशोब समजावून सांगितला. सरकारच्या लेखी माझी सेवा शून्य, म्हणजे मी अजून जन्माला यायचाय. निवृत्तीचं वय पासष्ट. हाताशी पूर्ण पासष्ट वर्षं आहेत.
उद्यापासून चालायला जायचं होतं. आता एवढी घाई नाही.