लस कुठं हाय

१२ जुलै, शुक्रवार

चालले. चारही प्रोग्राम एकत्र, दुपारी तीन-चाळीसला.

सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानावरची ही खोली, खाली नुसती गर्दी, आणि मी माझ्याच फोनवरून मेसेज टाकला — ‘साप वेळापूर’. दोन सेकंदांत उत्तर. साप चावल्यावरची लस जवळच्या कुठल्या आरोग्य केंद्रात आहे, किती बाटल्या, किती किलोमीटर, नर्सचा नंबर.

चार छोटे प्रोग्राम. पहिला मेसेज वाचतो. दुसरा त्याला रांगेत लावतो. तिसरा केंद्रांनी सकाळी कळवलेले आकडे बघून जवळचं केंद्र शोधतो. चौथा उत्तर धाडतो. एकालाही दुसऱ्याचं काम माहीत नाही, फक्त चिठ्ठी पुढं द्यायची. पुण्याच्या कंपनीत सहा वर्षं मी कुणाच्या तरी मोठ्या कामाचा एक कोपरा सांभाळला. अख्खी गोष्ट उभी राहताना आज पहिल्यांदा पाहिली. किती वेळ नुसती बघत बसले.

१३ जुलै, शनिवार

डॉ. अमरेश आले. ही कल्पना त्यांचीच — तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढली, निवृत्त झाल्यावर संस्था काढली. फोन डोळ्यांजवळ धरून त्यांनी उत्तर वाचलं.

“दोन बाटल्या?”

“हो. सगळ्यात जवळचं केंद्र आहे ते.”

“दानेश्वरी, पहिल्या डोसलाच दहा लागतात. दोन म्हणजे नाहीतच समज. हे वाचून माणूस तिकडं गेला असता आणि वाटेत वेळ गेला असता.”

मी एक ओळ बदलली. दहाच्या खाली असेल ते केंद्र दाखवायचंच नाही. एक ओळ! काल मी याच उत्तराकडे बघून खूश होते.

१६ जुलै

सगळं भाड्याच्या सर्व्हरवर चढवलं. तो कुठं आहे मला माहीत नाही, मुंबईत म्हणतात. मग लॅपटॉप बंद केला, वायर काढली, जिना उतरून रस्त्यावर आले आणि ‘साप नातेपुते’ टाकलं. रिक्षाच्या हॉर्नमध्ये फोन वाजला. उत्तर!

माझ्याशिवाय चालतंय. अंगावर काटा आला.

१९ जुलै, शुक्रवार

अकरा केंद्रांबरोबर चाचणी. गावांतून आशाताईंनी खोटे मेसेज पाठवायचे. अकराला सुरुवात, अकरा-दहाला तिसरा प्रोग्राम बंद पडला. एका नर्सबाईंनी आकड्याऐवजी ‘बारा’ असं अक्षरात लिहिलं होतं, ते त्याला कळलं नाही. चूक माझी. माणसं अशी लिहितातच.

दुरुस्त करून चालू करायला तेवीस मिनिटं. वाटलं, मधले मेसेज गेले सगळे. पण रांग होती. नऊच्या नऊ चिठ्ठ्या तशाच थांबलेल्या, आल्या त्या क्रमाने. तिसरा जागा झाला आणि त्यानं पहिली चिठ्ठी उचलली, मग दुसरी. एकही हरवली नाही. मीच लावली होती ती रांग, तरी डोळ्यांत पाणी आलं.

मग फुलाबाईंचा फोन. दक्षिण सोलापुरातल्या आशाताई, पन्नाशीच्या.

“पोरी, उत्तर आलं की तुजं. पर लई उशिरा.”

मी रांगेचं कौतुक सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं.

“त्ये बराबर हाय. पर साप चावलेलं माणूस रांगंत थांबत न्हाय. उशीर व्हनार आसंल तर तसं सांग की. गप बसू नगं. तू गप बसलीस की आमी वाट बगत बसनार.”

२० जुलै

चौथ्याला आता घड्याळ दिलं. तीस सेकंदांत उत्तर हाती आलं नाही, किंवा मेसेज कळलाच नाही, तर त्यानं स्वतःहून सांगायचं — ‘माहिती मिळाली नाही. थांबू नका. १०८ ला फोन करा, सोलापूरला निघा.’

फुलाबाई सातवीपर्यंत शिकल्यात. मला हे सुचलं नव्हतं.

२२ जुलै

सुरू केलं. खरंखुरं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आज खरा मेसेज आला. आणि मी जेवत होते.

जेवून हात पुसत नोंदी उघडल्या तेव्हा दिसलं. ११ वाजून ५२ मिनिटं ७ सेकंद — फुलाबाईंच्या नंबरवरून ‘साप’ आणि गावाचं नाव. ९व्या सेकंदाला उत्तर गेलेलं. एकोणीस किलोमीटर, चौदा बाटल्या. मी भाकरी मोडत असताना चार चिठ्ठ्या हातोहात पुढं गेल्या होत्या.

फोन लावायचं धाडस झालं नाही. चारपर्यंत खोलीत फेऱ्या मारल्या. मग त्यांचाच आला.

“निंगव्वा म्हनून बाई हाय, कर्नाटकातनं खुरपायला आल्याली. घोनस व्हती. जीपमदी घातली आन् सरळ तितंच नेली. वाटंतनंच फोन केल्ता, नर्सबाई लस काडूनच हुब्या व्हत्या.”

“कशी आहे?”

“हाय की. पानी मागितलं आता.”

५ ऑगस्ट

निंगव्वाला भेटून आले. पाय अजून सुजलेला. आमच्या घरची भाषा कन्नडच, त्यामुळं ती मोकळेपणानं बोलली. तिचा एकच प्रश्न — औषध कुठं आहे हे फुलाबाईला सांगितलं कुणी? मी प्रोग्राम, सर्व्हर सांगायचा प्रयत्न केला. जमलं नाही. शेवटी म्हटलं, एक नंबर आहे. तिच्या नवऱ्यानं, शिवूनं, तो फोनमध्ये घालून घेतला आणि खात्री करायला मला दोनदा वाचून दाखवला.

२१ ऑगस्ट, बुधवार

सकाळी ९:१४. अनोळखी नंबर, मेसेज कन्नडमध्ये — ‘हाव कडदैति. औषध एल्लि सिगतैति?’ साप चावलाय, औषध कुठं मिळेल. गाव सीमेपलीकडचं, आमच्या यादीतच नाही. चौथ्यानं ठरलेलं ‘थांबू नका’चं उत्तर धाडलं होतं. मराठीत.

मी फोन लावला. कुणी अनोळखी माणूस, आमचा नंबर त्याला शिवूकडून मिळालेला. जवळात जवळ लस असलेल्या अक्कलकोटकडच्या केंद्राची वाट त्याला कन्नडमध्ये सांगितली आणि लगेच तिथल्या नर्सबाईंना कळवलं — पेशंट कर्नाटकातून येतोय, चालेल ना?

त्या कन्नडमध्येच म्हणाल्या, “बरली.”

येऊ देत.