केळ्यांच्या ओळीतली सून

म्बेया,
१३ ऑगस्ट

लामेकदादा,

देवाच्या दयेने मी आणि एस्तेरी बरे आहोत. तूही बरा असशील असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

आठ तारखेला सकाळी मी रोजच्यासारखी प्रार्थना केली. तुझ्यासाठीही केली. पुढच्या महिन्यातलं तुझ्या लुगानोचं दुसरं लग्न सुखाने पार पडो, असं मागितलं. मग चहा घेऊन आम्ही दोघं जत्रेला निघालो. नाने नानेची सुट्टी, शेतकऱ्यांचा दिवस. वीस वर्षं या परक्या देशात विटा रचतोय, पण ही एकच सुट्टी मला घरची वाटते. सगळीकडे शेणाचा वास असतो.

बैल बघितले, भाजलेलं कणीस खाल्लं. एस्तेरीला शिजवायची केळी हवी होती. केळ्यांच्या ओळीत एका तरुण बाईने मान वर केली, मला पाहिलं आणि हातातला घड टाकून दिला. डोक्यावरून कापड ओढून पोत्यांमागे जाऊन बसली.

शेजारची विक्रेती खिदळली. "काका, पोलीस आहात काय? पोरगी बघा कशी पळाली!"

एस्तेरी हसली नाही. "अहो, पाठ फिरवा. आपल्या लुगानोची तुसेकिले आहे ती."

आपल्यात सून सासऱ्याला तोंड दाखवत नाही, आणि सासऱ्याचा भाऊही सासराच. पण दादा, तूच कळवलं होतंस ना, की लुगानोची बायको ट्रकवाल्याबरोबर पळाली, त्याच्याशी संसार थाटला? दुसऱ्याची झालेली बाई माझ्यापासून कशाला लपेल?

मी पाठ फिरवली. "एस्तेरी, तिला विचार, ती इथे कशी?"

मागून आवाज आला, "काकू, मामंजींना सांगा, मावशीकडे राहते. थोरल्या मामंजींनी कुडाआडून लुगानोचा निरोप सांगितला. चार वर्षांत मूल नाही, आता तू नकोस. मी बाहेर आले तर माझं गाठोडं आधीच दारात."

"ट्रकवाला कोण, विचार."

"कुठला ट्रकवाला?"

"अगं बाई," शेजारीण म्हणाली, "हाताच्या अंतरावर उभे आणि निरोप कसले धाडताय? टपाल नेऊ का मी?"

तुसेकिले रडत होती. मला फक्त ऐकू येत होतं. तेव्हा कळलं, तुला हे कसं जमलं ते. तुला तिचं तोंड बघावंच लागलं नाही. चांगली रीत सापडली तुला, दादा! जी तिच्या मानासाठी होती, तिच्याच आडोशाने तू तिला हाकललंस.

दुसऱ्या दिवशी लुगानोला लिलोंग्वेला, त्याच्या कामाच्या ठिकाणी फोन केला. त्याने कसलाही निरोप दिला नव्हता. म्हणाला, "काका, बाबा तर म्हणाले, ती तिकडे सुखात आहे."

तू म्हणशील, वंशासाठी केलं. म्हणशील, परक्या देशाचं अन्न खाऊन अंबाकिस्ये बिघडला. खुशाल म्हण. तू दर रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतोस, हे मात्र लोकांना सांगत फिरू नकोस. लाज मला वाटते.

थोरल्या भावाच्या घरात हात घालू का, असं मी देवाला रोज विचारलं. उत्तर आलं नाही. भीती मात्र रोज थोडी कमी होत गेली.

काल लुगानो बसने इथे आला. एस्तेरी जाऊन तुसेकिलेला घेऊन आली. ती दोघं एकमेकांशी काय बोलली ते मला माहीत नाही, मी गल्लीच्या टोकाला उभा होतो. ठरवलेल्या नव्या नवरीच्या बापाला काय सांगायचं ते तू बघ. तुला सांगायला सुचतं.

सून ज्या घरात आहे तिथे सासऱ्याला राहता येत नाही. म्हणून माझ्या घराची किल्ली मी लुगानोच्या हातात दिली, आणि आम्ही म्हातारा-म्हातारी चर्चमागच्या खोलीत राहायला आलो.

तुसेकिलेचा सासरा,
अंबाकिस्ये