कापडाच्या खोडींची पेटी

लालबाग, १५ जून १९९७

ती. आबांस,
कौसल्याचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या गुडघ्याला आराम असेल. मला दादरच्या एका कापड-निर्यात कंपनीत तपासनीस म्हणून घेतलं आहे, पण तीन महिन्यांच्या बोलीवर. कापडाच्या ठाणातली खोड, म्हणजे विणीतला दोष, कशामुळे आली ते सांगता आलं नाही, तर गणपतीच्या आत हातात नारळ मिळेल.

खोडी मी वह्यांत टिपत होते. तीन वह्या भरल्या, पण हवं ते वेळेवर एकदाही सापडलं नाही. म्हणून कॉम्प्युटर क्लासात शिकलेल्या फॉक्सप्रोवर स्वतःची टिपणपेटी बनवते आहे. जेवणाच्या सुट्टीत कंपनीचा कॉम्प्युटर मोकळा असतो. माझे वरिष्ठ हेमचंद्रसाहेब म्हणाले की असले प्रोग्राम बाजारात तयार मिळतात. मिळतात, पण ते दुसऱ्याच्या डोक्याने चालतात. माझी पेटी मीच करणार.

ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर गिरणीचं नाव घरात काढायचं नाही, हा तुमचा नियम पंधरा वर्षं पाळला. आज मोडते. तुम्ही वीस वर्षं साळखात्यात माग चालवलेत. पेटीत खोड नावावरून शोधायची, म्हणून खोडींच्या नावांची अक्षरवार यादी सोबत आहे, प्रत्येकीपुढे कारण लिहून पाठवा. रागावलात तरी उत्तर द्या.

माया आहेच, ती तशीच राहू द्यावी.
तुमची कौसल्या

ता. देवगड, २६ जून १९९७

चि. कौसल्येस,
अ. उ. आशीर्वाद.

आईचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. गिरणीबद्दल मी काही लिहिणार नाही. मेल्या म्हशीला मणभर दूध, ते सांगून काय उपयोग.

पण यादी पाहून राहवलं नाही. ज्याला खोडीचं नाव ठाऊक आहे त्याला तुझी पेटी कशाला हवी? शिवाय एकाच खोडीला परळच्या गिरणीत एक नाव, भायखळ्याच्या गिरणीत दुसरं. विणकर नाव विचारत नाही. तो कापडावर तळहात फिरवतो आणि बघतो, डाग आडवा की उभा? आडवा असेल तर बाण्यात, आडवं सूत नेणाऱ्या धोट्याकडे बघ. उभा असेल तर ताण्यात, उभी सुतं ज्यातून जातात त्या फणीकडे बघ. सारख्या अंतराने परत येतो का? मग फिरणारं चाक धर. नाव सगळ्यात शेवटी. एवढी शिकलीस आणि पेटीला दार मागच्या बाजूला केलंस.

आता अधिक विचारू नकोस. लोभ मात्र कमी करू नकोस.
तुझा आबा

लालबाग, ३ ऑगस्ट १९९७

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

यादी पुसून टाकली. महिनाभर डबा मांडीवर ठेवून काम केलं. आता पेटी आधी तुमचे दोन प्रश्न विचारते. गेल्या मंगळवारी एका ठाणात आडवे पट्टे आले. पेटीने धोटा दाखवला, आणि कारखान्यात तो खरंच घासलेला निघाला. साहेब माझ्या टेबलाशी येऊन पेटीचे प्रश्न एकेक करून वाचत राहिले. मला फार बरं वाटलं.

प्रत्येक टिपणाखाली 'कोणाकडून कळलं' असा रकाना ठेवला आहे, तिथे तुमचं नाव घातलं.

आता एक खोड अडली आहे. उभी रेघ, हातभर दिसते, हातभर नाहीशी होते. फिरणारी चाकं तपासली, फणी बदलली, तरी गेली नाही. साहेबांनी महिनाअखेरची मुदत दिली आहे, त्यावरच माझं कायम होणं ठरेल. आबा, एवढं एकच सांगा.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
कौसल्या

ता. देवगड, ११ ऑगस्ट १९९७

चि. कौसल्येस,
अ. उ. आशीर्वाद.

ती रेघ मी दोनदा पाहिली आहे आणि दोन्ही वेळा मला काढता आली नाही. धोंडूने काढली. धोंडू माझा जॉबर, आमच्या मागांवरचा मुकादम. तळहात फिरवायला त्यानेच शिकवलं, ते दोन प्रश्नही त्याचेच. संपात तो गेटातून आत कामावर गेला, मी संपकऱ्यांबरोबर बाहेर राहिलो. त्यानंतर त्याचं तोंड पाहिलं नाही. गिरणीबद्दल बोलायचं तर त्याचं नाव घ्यावं लागतं, म्हणून मी बोलत नव्हतो. तो चुकला, हे मी आजही म्हणेन. पण तुझ्या पेटीत माझं नाव आहे ते खोटं आहे. पुसून धोंडूचं घाल.

तो अजून भायखळ्यालाच असतो, असं कळतं. तू एकटी जाऊ नकोस. गुरुवारच्या एस.टी.ने मी निघतो. त्याला कुळथाचं पीठ आवडायचं, तुझ्या आईने पिशवी भरून ठेवली आहे.

दार मी वाजवीन. त्याने उघडलं तर तो सांगेल ते तू लिहून घे.
तुझा आबा