काना-मात्रेवाचूनची पाटी

येरुहाम
ता. ४ फेब्रुवारी १९६३

ती. एदनाआत्या हिस,
शुलामितचा कृ. सा. न. वि. वि.

उत्तर लांबले ते कामामुळे नव्हे, लाजेमुळे. दर शनिवारी, शब्बाथच्या दुपारी, मी भारतातून इथे इस्राएलात आलेल्या आपल्या बायकांना मराठी गोष्टी वाचून दाखवते, हे तू जाणतेस. त्यांनाही स्वतः वाचावेसे वाटू लागले. बाजारात हिब्रूत ‘पुस्तक’ अशी पाटी मी पाहिली होती. तेच वाचनालय, असे सांगून गेल्या महिन्यात एका मंगळवारी मी त्यांना तिथे नेले. जन्मात शाळा न पाहिलेल्या मिल्काबाई लग्नातली हिरवी साडी नेसून आल्या होत्या.

पडदा सारून आत शिरलो, तर ते न्हाव्याचे दुकान! प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांखाली स्वरचिन्हे असतात, पाट्यांवर नसतात. काना-मात्रेवाचून तीच तीन अक्षरे ‘सेफेर’ म्हणजे पुस्तकही होतात आणि ‘सापार’ म्हणजे न्हावीही. मिल्काबाई तर वाचायला म्हणून खुर्चीवर बसल्याही. फेस लावलेली गिऱ्हाइके हसू लागली. तेव्हा मी, अलिबागेत मॅट्रिकला मराठीत पहिली आलेली, हिब्रूत म्हणाले की, या बायकांना वाचता येत नाही, म्हणून चुकल्या.

मिल्काबाईंना तेवढे हिब्रू कळते. त्या उठून चालू लागल्या. आता शब्बाथलाही येत नाहीत. त्यांची वाचनाची गोडीच गेली असावी.

तुझ्या मायेला न शोभलेली,
शुलामित

अश्केलोन
ता. १५ फेब्रुवारी १९६३

चि. शुलामित हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खोटे कशाला सांगू, आधी पोट धरून हसले. तुझ्या काकांना म्हटले, दाढी वाढली असेल तर भाचीच्या लायब्ररीत जाऊन या. पुढचे वाचले नि हसू गेले. पाटीने तुला फसवले, ते कोणालाही फसवील. पण बोललीस ते तुझे तू बोललीस. गोडी नसती, तर त्या बाईने लग्नाची साडी कशाला काढली असती गं? नि माफी मला लिहून काय उपयोग? तिला तुझे पत्र नि कोरा कागद सारखाच. तिच्यासमोर, त्याच बायकांदेखत, तोंड उघड. थंडी आहे, स्वेटर घालत जा.

रागावली तरी तुझीच,
एदनाआत्या

येरुहाम
ता. १० मार्च १९६३

ती. एदनाआत्या हिस,
कृ. सा. न. वि. वि.

बायकांना बरोबर घेऊन मिल्काबाईंकडे गेले. सर्वांदेखत सांगितले की, पाटी मलाच वाचता आली नाही. मिल्काबाई भांडी घासतच राहिल्या. म्हणाल्या की, हे आम्हाला ठाऊकच होते. सांगायचे ते त्या हसणाऱ्यांना सांगायला हवे होते, असेही म्हणाल्या.

त्यांनी हिब्रूच्या वर्गात नाव घातले आहे, असे कळले. मीही गेले. तिथे मागच्या बाकावर त्या दिवशी हसलेल्यांपैकी एक रुमानियन गृहस्थ बसले होते. शिक्षिकाबाई म्हणाल्या की, ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी हात वर करावा. मिल्काबाईंचा हात वर गेला. मग मीही केला, आणि उभी राहून तुटक हिब्रूत सांगितले की, न्हाव्याची पाटी मी चुकीची वाचली होती. या बायका माझ्या शब्दावर आल्या होत्या.

गृहस्थ पुन्हा हसले. मिल्काबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. मात्र तेव्हा त्या आपल्या बाकावर थोड्या सरकल्या, आणि मी शेजारी बसले.

तुझ्या लोभास पात्र होऊ पाहणारी,
शुलामित