कानपिळ्याचा मान

प्रिय बिभ्या,

लग्न तोंडावर आलंय आणि नवरी पत्र लिहीत बसलीय, हसू नकोस. फोनच केला असता, पण घर पाहुण्यांनी गच्च भरलंय आणि माझा मोबाईल आता सगळ्यांचा झालाय. कुणी त्यात मेंदीचे नमुने बघतंय, कुणी पोरांना कार्टून लावून देतंय. तुझी आई, आमच्या कडूकाकू, उद्या परळीला तुझ्याकडं यायल्यात, त्यांच्या भाकरीच्या फडक्यात हे घालून देते. काकूंना वाचता येत न्हाई याचं आज पहिल्यांदाच बरं वाटलं. बघ, कसली वाईट झालेय मी!

परळीच्या वीजकेंद्रातल्या राखेची गाडी चालवतोस म्हणं आता. मागच्या महिन्यात आलतास तेव्हा केस पांढरे दिसले, मला वाटलं लई लवकर म्हातारा झाला हा. मग तू डोकं झटकलंस आणि धुरळा उडाला. हसू आलं, अन् लगेच रडूही आलं. कावून ते विचारू नकोस.

माझा नवरदेव माजलगावचा, साखर कारखान्यात केमिस्ट हाय. माणूस खरंच चांगला हाय रे. बघायला आला तेव्हा मी चहात साखर घालायचीच विसरले, तर हा गपगुमान सगळा चहा प्याला आणि वर म्हणतो कसा, साखर दिवसभर कारखान्यात बघतोच की. आवडलं मला ते. त्याच्याशी मी इमानानं राहणार हाय, हे तुला आधीच सांगून ठेवते.

पण काल मावशीनं नांदूरघाटच्या बाजारातून सीताफळं आणली आणि माझं चित्तच उडालं. आपण डोंगरात कच्ची सीताफळं गवतात दडवून ठेवायचो, पिकायला. जागा विसरायचास तू आणि शिव्या खायच्या मी. तुझी मेंढरं तेवढी बरोबर शोधून काढायची. मी चिडून तुला हाणायला धावायचे, तू पळायचास, पण कधी लई लांब पळाला न्हाईस. मला दिसशील एवढाच. बाजारची सीताफळं गोड होती, पण मला एक संपवता आलं न्हाई.

आणि राखी. मला सख्खा भाऊ न्हाई म्हणून मी गल्लीतल्या झाडून सगळ्या पोरांना राखी बांधायचे. तू तेवढा त्या दिवशी उजाडायच्या आत मेंढरं घेऊन डोंगराकडं गेलेला असायचास. आमचे आप्पा दरवर्षी हळहळायचे, बिचारं पोरगं, जित्राबापायी राखीलाही मुकतंय. मी राखीचं ताट उचलून आत जायचे. तुला आज सांगते, तुझ्या नावाची राखी मी कधी आणलीच न्हाई. तू गेला नसतास तरी माझ्याकडं बांधायला काही नव्हतं. तू धनगरवाड्यावरचा, मी आप्पा पाटलांची लेक, त्यात एकाच गावातले. काही होणार नव्हतंच, हे दोघांनाही कळत होतं. म्हणून तर कुणी काही बोललं न्हाई.

परवा आप्पांनी तुला फोन केला तेव्हा स्पीकर चालू होता. सगळी बायामंडळी गहू पाखडत बसलेली. आप्पा म्हणाले, स्वप्नाला भाऊ न्हाई, कानपिळ्याचा मान तुझा. मांडवात नवरदेवाचा कान तू पिळायचा, माझ्या बहिणीला नीट सांभाळा म्हणून दम तूच द्यायचा. लहानपणी राखीला मुकला, त्याची भरपाई म्हणं! किती मायेनं बोलत होते रे. तू बोलेनास, तर सगळ्यांना वाटलं रेंज गेली. आप्पा हॅलो हॅलो ओरडायला लागले. रेंज गेली न्हाई हे मला एकटीला कळलं. मग तू म्हणालास, बरं आप्पा. मी सूप तिथंच टाकून मागच्या दारी गेले.

आता ऐक. लग्न मी मोडत न्हाई, तुझ्याकडं काही मागत न्हाई, पुन्हा असं पत्रही लिहिणार न्हाई. कान पिळायला माझा मावसभाऊ भागवत उभा राहील, आप्पांना तू काहीही सांग, कंबर धरली म्हण. पण लग्नाला ये. मांडवात राब, पंगती वाढ, अक्षता टाक. फक्त सगळ्या गावासमोर मला बहीण म्हणू नकोस. तू म्हणालास तर मला ते खरं करावं लागंल, बिभ्या, आणि तेवढं एक माझ्यानं होणार न्हाई.

अक्षता पडेपर्यंत तुझीच,
स्वप्ना