जुन्या डब्याचं कुलूप

८ सप्टेंबर, सोमवार

डब्बा, म्हणजे दुकानातला जुना कॉम्प्युटर, आज तीन वेळा बंद पडला. तिसऱ्यांदा निळा झाला, इंग्रजीत काहीतरी पुटपुटला आणि गप्प. बारा वर्षं निम्म्या पालम गावाचे फॉर्म भरले त्यानं. पीकविमा, जातीचा दाखला, पोलीस भरती. मी नुसता समोर बसलेलो.

भाच्याला फोन केला. भागवत परभणीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात असतो. "मामा, खपला तो. नवा घ्या." नवा? आणि पितृपंधरवडा चालू! बायको, बबिता, म्हणाली, "पंधरवड्यात नवी वस्तू आणलाव तर दुकानात पाय ठेवणार न्हाई." भागवत म्हणाला, सेकंडहँड आणतो, म्हणजे नवा न्हाईच. ती विचारात पडली. मग पितरांना सेकंडहँड चालतं असं आमचं ठरलं.

९ सप्टेंबर

भागवत एसटीनं आला, कॉम्प्युटर मांडीवर घेऊन. कंडक्टरनं त्याचं हाफ तिकीट मागितलं म्हणे. ह्यात विंडोज न्हाई, लिनक्स हाय. "फुकट हाय मामा, आन् व्हायरसची कटकट न्हाई."

आता जुन्यातला ब्राउझर ह्यात आणायचा. ब्राउझर म्हणजेच माझं दुकान. शंभरावर गिऱ्हाइकांचे पासवर्ड त्यात जतन केलेत, आणि सगळ्यांवर एकच कुलूप — माझा मास्टर पासवर्ड. तो मला सोडून कुणाला माहीत नाही. इथंही लिहिणार नाही. फार जवळच्या जीवाचं नाव आहे, एवढंच.

भागवत म्हणाला, मी करून देतो. मी म्हणालो, तुझी शेवटची गाडी चुकेल, तू निघ. जुना डब्बा दहा मिनिटं चालतो, मग झोपतो. मी पाचच मिनिटांत ब्राउझर पेनड्राईव्हवर घेतला. एवढासा निघाला. बारा वर्षांचा ऐवज, आणि एवढासा! नवल वाटलं.

१० सप्टेंबर

काल घेतला तो ब्राउझर नव्हता. डेस्कटॉपवरचं नुसतं चित्र होतं. भागवत फोनवर इतका हसला की त्याच्या मालकानं फोन हातात घेऊन "कोण वारलं?" असं विचारलं.

बबिता हसली नाही. "पण आतलं सगळं शाबूत हाय ना?" असं दोनदा विचारलं. हिला दुकानाची एवढी काळजी कधीपासून?

११ सप्टेंबर

बिरू आला, रुपालीला घेऊन. बिरूचं घर आमच्या मागं, त्याची शेरडं रोज माझा बोर्ड चाटतात. रुपालीचा नर्सिंगचा फॉर्म मीच भरला होता जूनमध्ये. आता कॉलेजं निवडून टाकायचीत. शेवटची तारीख अठरा. नाही टाकली तर वर्ष गेलं.

"काका, पासवर्ड?"

पासवर्ड डब्यात. नवा काढायचा तर मोबाईलवर ओटीपी येतो. मोबाईल बिरूचा, आणि तो विहिरीत पडला पोळ्याला. तेच सिम पुन्हा काढा म्हणालो, तर ते कुणाच्या नावावर होतं हे बिरूला माहीत नाही. "बाजारात एकानं दिलतं," म्हणाला.

मी म्हणालो, घाबरू नको पोरी, उद्या उघडतो. बबितानं तिला चहा दिला. "घाबरू नको कशाला म्हणता? अकरावीवर थांबलेल्यांना इचारा." मला टोमणा होता की काय, कळलं नाही. लग्नात ही अकरावीतच होती, हे खरं.

१२ सप्टेंबर

भागवत फोनवर सांगत गेला, मी करत गेलो. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर. पासवर्डची फाईल सापडली! तेवढीच उचलली आणि नव्यात टाकली. यादी रिकामी. भागवत म्हणाला, "मामा, कुलूप आणलाव, किल्लीची फाईल तिकडंच राहिली. अख्खं फोल्डर घ्या म्हणलो होतो मी."

अख्खं घ्यायला गेलो. जुना डब्बा चालूच होईना. फुंकर मारली, थापट मारली. बिरू म्हणाला, उन्हात ठेवून बघा. ठेवला. शेरडं जमली.

१३ सप्टेंबर

उन्हाचा उपयोग नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

भागवत आला. डब्बा उघडून हार्डडिस्क काढली, नव्याला जोडली, अख्खं फोल्डर उचललं, वर मराठी कीबोर्डही चालू करून दिला. दहा मिनिटं. चार दिवस मी काय केलं असं त्यानं विचारलं नाही. गुणी पोरगं.

ब्राउझरनं मास्टर पासवर्ड विचारला. मी सगळ्यांना पाठ फिरवायला लावली. भागवत, बबिता, रुपाली, बिरू, चौघंही भिंतीकडं तोंड करून उभे. टाकला. चूक. परत टाकला. चूक!

मी मराठी टायपिंग चाळीसची परीक्षा पहिल्या झटक्यात पास आहे. माझी बोटं चुकत नाहीत. लिनक्सच चुकतं.

१५ सप्टेंबर

सदतीस वेळा चूक. भागवतनं दिलेल्या मराठी कीबोर्डवर एकेक अक्षर शोधशोधून टाकलं, तरी चूक.

बबिता म्हणाली, "कुणाचं नाव हाय ते तरी सांगा."

"तसं सांगत नसतात."

"माझं तर न्हाई ना?" असं म्हणाली आणि हसत आत गेली. बावीस वर्षांत असं हसताना कमीच पाहिली. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात खोटं नाही.

१६ सप्टेंबर

बिरूनं तांब्याभर दूध आणून ठेवलं. रुपाली आली नाही. रडून डोळे सुजलेत म्हणे. मला जेवण गेलं नाही. पोरीचं वर्ष माझ्या हुशारीत जाणार. भागवतला पहिल्याच दिवशी करू दिलं असतं तर!

१७ सप्टेंबर

मराठवाडा मुक्तिदिनाची सुट्टी. सकाळी झेंडावंदनाला गेलोच नाही, पासवर्ड टाकत बसलो. बबिता दुकान झाडायला आली. झाडता झाडता म्हणाली, "जुन्यावर तुमी मराठीचं बटण कुठं दाबत होताव? कीबोर्ड इंग्रजीच ऱ्हायचा. फॉन्ट तेवढा बदलत होताव."

खरंच की! जुन्यावर बोटं मराठी चालायची, डब्याला आतून इंग्रजी अक्षरंच पोचायची. मराठी नुसतं दिसायला. आणि पासवर्डात तर काळे ठिपकेच. बारा वर्षं मी काय टाकत होतो ते मलाच माहीत नव्हतं.

नव्यावर कीबोर्ड इंग्रजी केला. डोळे मिटले आणि परीक्षेला बसल्यासारखं मराठी बडवलं.

उघडलं!

तसाच अनवाणी बिरूकडं पळत गेलो. दुपारी बारा वाजता रुपालीची कॉलेजं टाकून झाली. पहिलं परभणीचं. बिरूनं स्क्रीनला हात जोडले. बबिताच्या डोळ्यांत पाणी. एवढं पाणी रुपालीसाठी? आणि हिला फॉन्टचं कसं काय ठाऊक? झाडताना बघत असेल.

१८ सप्टेंबर

यादी तळापर्यंत बघितली. शेवटची नोंद मी जतन केलेली नाही. बबिताच्या नावाची आहे. बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, तारीख ऑगस्टची. म्हणजे मी ब्राउझर उघडाच ठेवून दुपारी झोपायचो तेव्हा.

पासवर्ड दाखवा, असं दाबलं. बन्सीधर.

बावीस वर्षांत हिनं माझं नाव एकदाही तोंडानं घेतलं नाही. मतदार यादीवालासुद्धा आला की मलाच पुढं ढकलते.

आणि माझा मास्टर पासवर्ड, लिहूनच टाकतो, चंद्री. आमची म्हैस. तीही विकली. पंधरवडा असो नाहीतर काही असो, आजच्या आज बदलतो.