साथ नव्हे ती, आक्का

गडहिंग्लजजवळून,
सोमवार

तीर्थरूप आक्कास,

धाकट्या प्रभुलिंगाचे शरणू शरणार्थी. तुझा गुडघा कसा आहे? शाहूपुरीतल्या त्या तीन जिन्यांनी तो बरा होऊ दिला असेल असं वाटत नाही. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून. मी अजून हादरलेला आहे. (फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र.)

झालं असं, की गावाने मला हायस्कूलच्या शाळा समितीचा अध्यक्ष केलं. (दुसरं कुणी तयार नव्हतं, असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.) पहिल्याच दिवशी मी गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक मागवलं आणि चष्मा पुसून बसलो. बघतो तर आठवी ते दहावीच्या पोरी दर महिन्याला चार-चार दिवस गैरहजर! एक आली की दुसरी गायब. पोरं मात्र सगळी ठणठणीत. माझी खात्रीच पटली, की ही पाण्यातून पसरलेली साथ आहे आणि ती मुलींच्या बाजूच्या नळातून येते. मग मी स्वस्थ बसतोय होय? टाकी धुऊन घेतली, ब्लीचिंग पावडर टाकली, फाटकावरचा चिंचांचा गाडा हलवला. आमच्या रक्षिताचेही बरेच दिवस बुडालेले दिसले. ती आता दहावी झाली खरी, पण रोग अंगात मुरलेला नको, म्हणून नातीला आठ दिवस कडुनिंबाचा काढा पाजला. पोर गुणाची, नाक दाबून सगळा प्यायली.

मग पालकसभेत मी जाहीर केलं, की महिन्याभरात साथ आटोक्यात आणतो. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. आमच्या गावच्या आरोग्यसेविका, आशाताई तानाबाई (त्यांच्या आवाजाला माइक लागत नाही, तरी त्यांनी तो घेतला) उठून म्हणाल्या, "अण्णा, साथ कसली आलीया? पाळी हाय ती! संडासाच्या दाराला कडी न्हाय, नळाला दोन वर्सं पाणी न्हाय. पोरींनी पॅड बदलायचं कुठं, तुमच्या टेबलावर?" आक्का, दोनशे माणसं होती गं! हेडमास्तर छताचा पंखा बघायला लागले. धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. ज्या नळातून साथ येते म्हणून मी छाती पुढे काढली, त्या नळात थेंब नव्हता. आणि ह्याच पॅडची पाकिटं मी माझ्या दुकानात वीस वर्षं पेपरात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून, भलतीकडे बघत विकत आलोय!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पाहणीला गेलो. माझी साखर तुला ठाऊक आहे. पाहणी करता करताच कळ आली आणि मुलींच्या संडासातच शिरावं लागलं. दाराला खरंच कडी नाही. एक हात दाराला, एक विजारीला, आणि कुणी येऊ नये म्हणून मोठमोठ्याने खाकरत राहायचं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आज्जा, निवांत बसा. मी दार धरून हुबी हाय. आमी असंच करतो." आमचीच रक्षिता, शाळेचा दाखला न्यायला आलेली! लाजेने मेलो मी. तीन वर्षं ही पोर मैत्रिणींसाठी दार धरत होती, आणि तिचं दार धरायला कुणी नसलं की घरी राहत होती.

घरी येऊन नीट बघितलं, तर घरी राहणं म्हणजे पडवीत चटई आणि वेगळं ताट. मला इतकी वर्षं वाटायचं, पोरीला वारं आवडतं. (हसू नकोस, खरंच वाटायचं.) आणि दर बसवजयंतीला मीच गळा काढून सांगतो, की आपल्या शरण संतांनी पाचही सुतकं झुगारली, त्यात पाळीचंही आलं. टाळ्याही पडतात. रक्षिता एवढंच म्हणाली, "आज्जा, औंदाचं भाषण मी पडवीत बसूनच ऐकलं." मला इतकं वाईट वाटलं, की मी घरात ओरडलो, हा नियम घातला कुणी? बायको शांतपणे म्हणाली, "वन्संनी."

तुला मी दोष देत नाही. आपल्या आईने, अव्वाने तुला शिकवलं, तू आम्हाला. फक्त कळवतो, की ती चटई आम्ही काढून टाकली आहे. तुला हे कोण सांगणार यावर घरात चिठ्ठ्या टाकल्या, माझी निघाली.

तुझा भित्रा भाऊ,
प्रभुलिंग

ता. क. दाराला कडी मी स्वतः बसवली. पहिल्यांदा ती बाहेरून बसली आणि तानाबाई आत अडकल्या. आता ती आतून आहे, नळालाही पाणी आलंय. तानाबाई अजून बोलत नाहीत.

आणखी ता. क. खरं काम राहिलंच. रक्षिताला एक्क्याण्णव टक्के पडले. अकरावी सायन्सला तुझ्याकडे ठेवायचं हे आपलं दिवाळीतच ठरलंय. पण ती अडून बसली आहे: आज्जी मला चार दिवस गॅलरीत बसवणार असतील तर मी कोल्हापूरला जाणार नाही, शिक्षण राहिलं तरी चालेल. फॉर्मची मुदत शुक्रवारी संपते. बसवणार नसशील, तर मला फोन कर. बसवणार असशील, तर तिलाच कर आणि तुझ्या तोंडाने सांग. मला ते सांगता येणार नाही.